पिंजरे बुडाले तेव्हा

पेजेकाठ, कर्जत
९ मार्च

चि. देवेशराव साहेब यांस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आई बरी आहे. गुडघा धरतो, तरी दारात येईल त्याला "आमचा देवेश नदीतली कासवं मोजतो, मोठे मोठे लोक त्याला विचारतात" हे उभ्यानेच ऐकवते. तिला मी अजून काही बोलले नाही. तुमच्या खोपोलीच्या ब्लॉकमध्ये पाणी येतं ना नीट?

फोनवर म्हणालास, "ताई, कुणी विचारलं तर मला काही माहीत नाही म्हण." वा रे वा! किती सोपं.

दिवाळीत जेवताना तूच आम्हाला शिकवत होतास ना? मोजणीसाठी कासवं धरायच्या पिंजऱ्याचं वरचं टोक पाण्याबाहेर हवं, कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं, नाहीतर गुदमरून मरतं. आणि वीजघराचं पाणी सुटलं की पेज नदी चढते, बायका धुणं आवरून वर येतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी पळसदरीच्या फार्महाउसवर मटण शिजत होतं! साहेब डोहात पिंजरे टाकून जेवायला गेले. परत आलास तेव्हा पिंजरे बुडालेले, आत कासवं मेलेली. मी धुण्याची बादली घेऊन वरच्या कातळावर होते. तू ती मेलेली कासवं चिखलात पुरलीस आणि रुमालाने हात पुसलेस. शी!

पुढे कुत्र्यांनी ती उकरली, तर वनखात्याच्या लोकांना तू नाव कुणाचं सांगावंस? गोमाचं! तुझे पिंजरे खांद्यावरून वाहिले त्याचं. वाडीवरचा कातकरी, कोण विचारतो, असंच ना?

काल त्याची बायको चिमा पडवीत येऊन रडली. "देवेशभाऊ बोलले तिथंच यानं पिंजरं ठेवलं. आता याला आत टाकतील काय गं, ताई?" आई तिला म्हणाली, "रडू नको. माझा देवेश सोडवील त्याला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरीही रात्रभर तुझ्या नोकरीचाच विचार केला, बघ माझी अक्कल.

आज सकाळी गोमाबरोबर मी वनखात्याच्या कचेरीत गेले. कातळावरून पाहिलं ते सगळं सांगितलं, खाली सही केली. आता आईला तू येऊन सांग. तेवढं तरी दुसऱ्याच्या गळ्यात घालू नकोस.

गोमाची साक्षीदार,
सुनंदा