शिंप्याचे ओठ काळे आले

तीर्थस्वरूप ताईंना,

नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? माझी काळजी नको. जेवण वेळेवर होतं आणि घर शांत आहे (जरा जास्तच).

तुमची बहीण एक्स-रे विभागातून निवृत्त झाली तेव्हा मुदत संपलेल्या फिल्मचा एक डबा घरी घेऊन आली होती. त्यावर साधे फोटो काढायचे म्हणून जुन्या बाजारातून पेटीएवढा कॅमेराही आणला. मी 'बघू' म्हणत राहिलो. ती गेल्यावर सहा महिन्यांनी, म्हणजे मागच्या महिन्यात, डबा उघडला. भिंतीवर लावावा असा तिचा एकही फोटो घरात नाही (जन्मभर लोकांच्या बरगड्या टिपल्या, स्वतः कधी समोर बसली नाही). जुन्या एखाद्या फोटोवरून मोठा करता यावा, एवढ्यासाठी हात बसवतो आहे.

या फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून न्हाणीघरात लाल दिवा लावून ती आरामात कापता येते. मात्र तिला रसायनाचा लेप दोन्ही बाजूंनी असतो, हे मला अर्धा डबा धुताना ट्रेच्या तळाशी घासून संपल्यावर कळलं. आता तळाला काच ठेवतो.

मग शेजारच्या शिंप्याला खिडकीपाशी बसवलं. फोटो झकास आला, फक्त ओठ काळेकुट्ट (लाल ते सगळं काळं येतं). त्याच्या बायकोने फोटो पाहिला आणि त्याला विचारलं, "विडी सोडली म्हणत होतात ना?" मी फिल्मचा स्वभाव समजावू लागलो, तर म्हणाली, "भाऊजी, तुम्ही मध्ये पडू नका. एक्स-रेत आलंय म्हणजे आतलंच आलंय." यावर शिंप्याने मान खाली घालून कबूल केलं, की दुकानामागे रोज दोन होतात. माझं समजावणं अर्ध्यावरच राहिलं. आता तो माझ्याशी बोलत नाही, आणि ती मात्र धाकट्या दिरालाही एकदा बसवा म्हणून मागे लागली आहे. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी हसू आलं. सांगायला घरात कोणी नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहिलं.

आपला,
मेव्हणा

ता.क. खरं तर पत्र यासाठी. तुम्हा दोघींचा सायकलवरचा फोटो तुमच्याकडे आहे. तो तुम्ही कोणाच्या हाती देत नाही, आणि माझ्या तर देऊच नये. तेव्हा स्वतः घेऊन या आणि हातात धरून कॅमेऱ्यासमोर बसा. तुमची बोटं फोटोत आली तर येऊ देत. बाकीची फिल्म सरावात गेली, तीनच तुकडे उरलेत.

ता.क. २. फिल्म मंद आहे. चार सेकंद हलायचं नाही, बोलायचंही नाही. पहिले दोन तुकडे त्यातच जातील, असं मी धरून चाललो आहे.