नव्या पाण्याचा पहिला हंडा

४ मार्च १९५७, आलापल्ली

पुन्हा वाळू! तळाला झडप असलेली नळी बोअरमध्ये सोडायची, वाळूनं भरली की वर ओढायची, ओतायची — तोवर खाली तेवढीच जमलेली. बोअर मी खोदली, पाण्यापर्यंत मी गेलो. बाया मात्र अजून नाल्याच्या वाळूत खणलेला झिराच उपसतात.

७ मार्च

बोअरच्या कामावरच्या साहेबांनी बोलावलेला गोविंदा आला. आसामात तेलाच्या विहिरींवर होता म्हणे. आल्याआल्या सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. नाटकी मेला!

त्याची युक्ती — कॉम्प्रेसरनं बारीक नळीतून हवा आणि रिठ्याचं पाणी खाली सोडायचं. फेस होतो, हलका म्हणून वर येतो, येताना वाळू घेऊन येतो. "तेलाच्या विहिरीतली रेती असीच काढत होतो, भाऊ." रिठे दिले कुणी? माझ्याच बायकोनं!

८ मार्च

फेस आला. वाळूसकट.

जेवताना बायको, कमळा, म्हणते, "किती डोकं हाये न गोविंदाभाऊले!" भाजीत मीठ नव्हतं, याची तिला शुद्ध नाही. मी ताट सारलं.

नव्या पाण्याचा पहिला हंडा पाणी आणणाऱ्याच्या पायांवर ओततात, त्याला धोतर-टोपी देतात, ही इथली रीत. त्या हंड्याच्या आशेवर मी वाळू उपसली. आता पाय गोविंदाचे धुतले जाणार. नुसता तिळपापड होतोय अंगाचा.

९ मार्च

गोविंदानं विचारलं, "भाऊ, बोअरचा पाइप तुमीच बसवला. कुठी कच्चा हाये काय? तिथी हवा जोरात नाई सोडाची."

पाइपाचा खालून तिसरा जोड ढिला आहे. मलाच तेवढं ठाऊक.

"नाई," मी म्हटलं. "सोड बिनधास्त."

१० मार्च

जोड फुटला. बाहेरची वाळू धाडकन आत आली आणि हवेची नळी तिनं आवळून धरली. ट्रकनं ओढली तरी हलेना. बोअर गेली. बाया रिकामे हंडे घेऊन परतल्या. गोविंदा कपाळाला हात लावून बसला.

बरं वाटलं मला. थोडा वेळ.

११ मार्च

कमळेनं पेटीतून नवं धोतर काढलं, पाटलाला परत करायला. कुणाचं म्हणून विचारलं.

"तुमचंच. गोविंदाभाऊनं आल्या दिवशीच पाटलाले सांगतलं होतं — मी नुसती रेती काढून राह्यलो, पाणी भाऊनं आणलं, पाय त्याईचेच धुवा."