मधला दगड

४ मे, सोमवार

पोचलो एकदाचे. चाफ्याच्या माळावर तीन तंबू उभे आहेत, तिन्ही सरळ उभे आहेत आणि त्यातला एक मी स्वतः उभारलाय. डोंबिवलीत हे कुणाला खरं वाटणार नाही. मिनीबसने कल्याण, मुरबाड करत डोंगराच्या पायथ्याशी आलो आणि तिथून सामान पाठीवर घेऊन दीड तास चढण. आमच्या शाळेच्या गाइड पथकातल्या आठ मुली, प्रमोदिनीबाई आणि मी. बाई एकवीस वर्षं शिबिरं घेतायत. मी शाळेत लागून सहा महिने झाले आणि पथकाची कॅप्टन होऊन तीन आठवडे. दुसरं कुणी तयार नव्हतं, हे सोडलं तर माझी निवड गुणवत्तेवरच झाली.

इथली हवा इतकी स्वच्छ आहे की आमच्या मानपाड्याच्या धुराला सरावलेल्या माझ्या नाकाला शिंका आल्या.

मुली गुणाच्या आहेत, म्हणजे डोक्याला ताप आहेत. रसिका दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारते की पलीकडच्या डोंगरावरून उत्तर येतं. घरी त्यावर सक्त बंदी आहे म्हणे. प्राची ओला टॉवेल नेमका दुसरीच्या अंथरुणावर टाकते. योगिनी प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारते, अगदी ‘जेवायला चला’ म्हटलं तरी. मला तिघी आवडल्यात. मी त्यांच्या वयाची असताना माझ्याबद्दलही घरी तक्रारीच यायच्या.

निघताना आईशी वाजलं. नवीन काही नाही. तिने कैरीच्या लोणच्याची अख्खी बरणी बांधून दिली. मी म्हटलं, एवढं ओझं नेणार नाही, आणि तुझ्या लोणच्यात मीठ जास्त असतं, दर वर्षी सांगते. ती म्हणाली, मग खाऊ नकोस. मी बरणी चपलांच्या स्टँडवर ठेवली आणि तिसऱ्या मजल्यावरून धाडधाड उतरून आले. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे भांडायलाही एकमेकीच. वाईट वाटतंय. पण मीठ जास्त असतं हे खरंच आहे.

५ मे, मंगळवार

आज खुणांचा खेळ. एकीने पुढे जाऊन दगड-काटक्यांच्या खुणा ठेवायच्या, बाकीच्यांनी त्या ओळखत माग काढायचा. बाण म्हणजे इकडून जा. फुली म्हणजे ही वाट नाही. आणि शेवटी दगडांचं वर्तुळ, मधोमध एक दगड. त्याचा अर्थ, मी घरी गेले. खेळ संपला की सगळ्यात मागच्या मुलीने खुणा मोडून टाकायच्या, हा नियम. मागून येणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून.

शेवटची खूण मुलींना इतकी आवडली की प्रत्येकीला आपापली हवी झाली. ओढ्यातले पांढरे गोटे आणून आठ जणींनी ओळीने आठ वर्तुळं केली. पहिलं रसिकाचं, मग प्राचीचं, मग योगिनीचं. बाजूला नावाच्या चिठ्ठ्या. शेवटी मीही माझं केलं, सगळ्यात मोठं. प्रमोदिनीबाईंचे गुडघे दुखत होते, त्या बसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, आता मोडा. मी म्हटलं, बाई, एवढी छान दिसतायत, शुक्रवारी निघताना मोडू, पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकू. बाई म्हणाल्या, नियम नियम असतो. मी म्हटलं, दगडच आहेत हो. त्या चुलीकडे निघून गेल्या. मी वाद जिंकले की फार खूश होते, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

६ मे, बुधवार

सकाळी रसिकाच्या वर्तुळातला मधला दगड नव्हता. वानराने नेला असणार. रसिका दिवसभर गळून गेल्यासारखी होती. उन्हाने असेल म्हणून लिंबू-सरबत पाजलं.

फोनला रेंज फक्त वरच्या टेपाडावर. चार वाजता रसिकाला घेऊन तिथे गेले तर तिच्या आईचाच फोन आला. जरा रागात होत्या. न कळवता मुलीला एकटीला परत का पाठवलंत, असं विचारत होत्या. दुपारी साडेबाराला पोचली म्हणे. मी सांगितलं, अहो, ती इथे माझ्यासमोर उभी आहे. त्यांना ती थट्टा वाटली, हसल्या. म्हणाल्या, दोन दिवसांत काय जादू केलीत टीचर, आल्याआल्या हातपाय धुतले, कपड्यांच्या घड्या घातल्या, एकदाही शिट्टी मारली नाही.

मी फोन रसिकाकडे दिला. ती म्हणाली, आई, मी बोलतेय. तिकडून विचारलं, कोण मी? आणि मागून आवाज आला, आई, कुणाचा फोन आहे?

तो आवाज रसिकाचा होता. रसिका माझ्यासमोर तोंड मिटून उभी होती.

कुणीतरी चेष्टा करतंय, असं मी मुलींना सांगितलं. प्रमोदिनीबाईंना खरं ते सांगितलं. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, त्यापेक्षा दोन लगावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

७ मे, गुरुवार, सकाळ

प्राची आणि योगिनीच्या वर्तुळांतले मधले दगड गेलेत. टेपाडावरून फोन लावले. दोघी घरी पोचल्यात. प्राचीने सगळ्यांचे टॉवेल दोरीवर वाळत घातलेत. योगिनी घरचे सांगतील ते निमूटपणे करतेय.

माळ ज्यांचा आहे ते धोंडिबा लाकडं घेऊन आले. वर्तुळं बघून मोळी तिथंच टाकली. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

“तुमी माळाला सांगितलं घरी गेलो, आन ऱ्हायलात हितंच. माळ खोटं ठेवत नाय. खरं करून टाकतो.”

मी विचारलं, घरी कोण गेलंय मग? ते म्हणाले, ते त्यांनाही माहीत नाही. एवढंच माहीत आहे की गेलेली तीन रात्री घरात झोपली की घर तिचं होतं आणि इथलीला वाट आठवत नाही. त्यांची थोरली बहीण गुरांमागे आली असताना असंच खेळली होती. नंतर कितीतरी वर्षं ती या माळावरच फिरायची. घर समोर दिसायचं, पण ओळखायची नाही.

रसिकाची तिसरी रात्र उद्याची. तिला बिल्डिंगचं नाव विचारलं. बराच वेळ विचार करून म्हणाली, पिवळी आहे बहुतेक.

बसवाल्याला फोन केला. उद्या सकाळशिवाय गाडी नाही. ठीक आहे, उद्या सकाळी. आठच्या आठ जणींना मी आपापल्या घरात पोचवणार आहे. दारात नाही, घरात. चूक माझी आहे, निस्तरणारही मीच.

दुपार

उरलेल्या पाच जणींची वर्तुळं मोडली. एकेक गोटा उचलून दरीत फेकला, मोठ्याने शिव्या देत. मुलींनी कान झाकले नाहीत, उलट दोन शिव्या नवीन शिकल्या. त्या पाच जणी ठणठणीत आहेत.

माझं वर्तुळ शेवटी मोडायला घेतलं. कॅप्टनने आधी स्वतःचं वाचवायचं नसतं.

मधला दगड नव्हता.

संध्याकाळ

आईला फोन केला. म्हणाली, कोण बोलतंय? मी म्हटलं, कादंबरी. ती म्हणाली, कादंबरी समोर जेवतेय.

आवाज इतका आनंदी होता. सांगत सुटली, आपण कुणाशी बोलतोय याचा विचारही न करता. लेक लवकर आली. वाद नाही, तोंड वर करून बोलणं नाही. लोणचं दोनदा मागून घेतलं आणि म्हणाली, मीठ अगदी बरोबर आहे.

आईला इतकं सुखात मी कधी ऐकलं नाही. हे लागलं मला. खोटं कशाला लिहू, रडले. मग रागच आला. मीठ बरोबर आहे म्हणे!

आणि तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला. गेलेल्या सगळ्या शहाण्या आहेत. शिट्टी नाही, ओला टॉवेल नाही, ‘का?’ नाही. माळाला आमची तोंडं जमली, खोड्या नाही जमल्या. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग उद्या दारात जाऊन शहाणपणा करू नका. जी ओरडा खाते ती घरची.”

८ मे, शुक्रवार, बसमध्ये

रसिका खिडकीबाहेर बघतेय. मुरबाड ओळखलं नाही. प्राचीने टॉवेल घडी करून मांडीवर ठेवलाय, तो मी विस्कटला. योगिनीला म्हटलं, पाणी पी. प्यायली. का म्हणून विचारलं नाही. मी पाच वेळा विचारायला लावलं. पाचव्यांदा चिडून विचारलं. शाब्बास.

मलाही काही काही— आमच्या दाराचा रंग? राहू दे. वहीत बघेन.

दुपारी दीड

रसिकाचं दार तिनेच उघडलं. दुसरीने. नीट वेण्या, हसरा चेहरा. म्हणाली, या ना टीचर, बसा, पाणी आणू?

मी रसिकाला पुढे ढकललं. म्हटलं, मार. तिने बोटं तोंडात घातली. नुसती हवा. ती दुसरी हसतच होती. पुन्हा मार. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा अशी वाजली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं आणि आतून तिची आई न बघताच ओरडली, “रसिका, किती वेळा सांगितलं, बिल्डिंगमध्ये शिट्टी नाही म्हणून.”

दारात कुणी नव्हतं. पायपुसण्यावर एक पांढरा गोटा. रसिकाने भोकाड पसरलं आणि बिल्डिंगचं नाव, मजला, पिनकोड सगळं सांगितलं. गोटा मी खिशात घातला.

चार वाजता

प्राची. चिखलाचे बूट घालून सरळ आईच्या पलंगावर. धपाटा मिळाला. गोटा दुसरा.

योगिनी. तिचे बाबा म्हणाले, घरात ये. ती म्हणाली, का? आणखी सात वेळा का. आठव्याला ते भडकले. गोटा तिसरा.

बाकी पाच जणी प्रमोदिनीबाई सोडतायत. त्या मला एकटीला सोडत नव्हत्या. मी म्हटलं, मुली आधी. हा वादही मीच जिंकले.

सव्वासहा

मानपाडा. रिक्षावाल्याला पत्ता वहीच्या पुठ्ठ्यावरून वाचून दाखवला. नावही तिथेच आहे. कादंबरी. बरं.

कोणता मजला, आठवत नाही— पहिलं पान. तिसरा.

जिन्यात बसून लिहितेय. दार बंद आहे. चपलांच्या स्टँडवर बरणीचा गोल डाग. आत कुणीतरी गुणगुणतंय. मी अशी गुणगुणते का?

सहा चाळीस

बेल वाजवली. आतून एक बाई म्हणाली, कोण आहे गं? आणि माझ्याच आवाजात उत्तर आलं, कुणी नाही, आई. तू बस.

पुन्हा बेल. पुन्हा. कुणी नाही, आई.

त्या बाईंचा चेहरा आठवत नाही. खूप प्रयत्न केला. नाही आठवत. पहिल्या पानावर लिहिलंय, लोणचं, मीठ, वाजलं. माझंच अक्षर. कशासाठी भांडले ते आठवत नाही, पण वाचताना राग येतोय. खरा राग. मग तो माझाच आहे. तो कुणी नेलेला नाही.

ती आत सुखात आहे, हे माहीत आहे मला. माझ्याशी ती सुखात नव्हती. असू दे. मला शहाणी मुलगी व्हायचंच नाही, मला माझी आई हवी आहे.

मोठ्याने वाचणार आहे. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं.

सहा पन्नास

वाचलं. तुझ्या लोणच्यात मीठ जास्त असतं, दर वर्षी सांगते. तीनदा. समोरच्यांचं दार उघडलं, बंद झालं. घसा बसलाय.

आतलं गुणगुणणं थांबलं.

भांडं आपटल्याचा आवाज. आणि ती बाई, वैतागून— “मग खाऊ नकोस.”

हा आवाज. हा मला—

पावलं येतायत. दोघींची. एक कडीला हात घालतेय, दुसरी नको नको म्हणतेय, गोड आवाजात. म्हणू दे. कडी निघाली. फट पडलीय. मी उंबऱ्यात पाय घातलाय, आता तो कुणी— आई, मीठ जास्तच अस—