आठ सेकंदांच्या आधी

प्रिय बिरू,

फोन बंद ठेवलास ते बरंच केलंस. पण त्यामुळं मला शाळेच्या वहीची पानं फाडून पत्र लिहावं लागतंय, आणि पानं फाडू नका म्हणून पोरांवर रोज ओरडणारी मीच. हे पत्र मल्लेश घेऊन येतोय, कळंबचा आपला सायकलवाला मल्लेश. तो तुझ्यासमोर मान खाली घालून उभा राहील. त्याला आधी पाणी दे, मग काय बोलायचं ते बोल. शनिवारी अकरा वाजता तुला पुण्यात शिस्त समितीपुढं उभं राहायचंय आणि तिथं तू ‘चूक माझीच’ असं लिहून सही करणार आहेस, हे तुझ्या टीममधल्या महालिंगप्पानं मला कळवलं. सही केलीस की दोन वर्षांची बंदी, आणि टीमचा करार त्याच दिवशी संपला. सव्विसाव्या वर्षी दोन वर्षं घरी बसलेल्याला पुन्हा कोण घेतंय? म्हणून हे पत्र तू शेवटपर्यंत वाच. अवघड मजकूर आला की घडी घालून उशीखाली ठेवायची तुझी सवय मला माहीत आहे.

आई बरी आहे. गुडघा तसाच, पण मेंढरांमागं जायचं सोडत नाही. तिला फोनमधलं काही वाचता येत नाही हे आपलं नशीब. तरी परवा गिरणीत गेली तर बायका बोलता बोलता गप्प झाल्या, आणि ही दळण तसंच डोक्यावर घेऊन परत आली. संध्याकाळी भाकरी थापताना एवढंच म्हणाली, की आपल्या बिरूनं लहानपणी कधी कोकरालासुद्धा काठी लावली नाही.

लोकांचं तुला काय सांगू. तू सगळं वाचलंस म्हणूनच फोन बंद केलास, पण गावात काय झालं ते तुला कुणी कळवलं नसेल. सायकल शर्यतीच्या आदल्या दिवशी येरमाळ्याच्या चौकात तुझा बारा फुटी फलक लागला होता, ‘धाराशिवचा वाघ’ असं लिहून. मल्लेशनं तुझ्या फोटोचे साठ टी-शर्ट छापून घेतले आणि दोन दिवसांत अठ्ठावन्न विकले. तो आठ सेकंदांचा व्हिडिओ फिरला आणि तिसऱ्या दिवशी फलक उतरला. उरलेल्या दोन टी-शर्टांनी मल्लेश साखळ्या पुसत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ज्यांनी जन्मात एक शर्यत धड बघितली नाही ते आता शिकवतात, की खरा रायडर प्रेक्षकाला हात लावत नाही. एकानं लिहिलं, मेंढरं हाकणारा माणसंही हाकणारच. त्याखाली चारशे लोकांनी हसून घेतलं होतं. आणि तुझी बाजू घेणारे तर त्याहून भारी. त्यांनी पडलेल्या रामहरी तात्यांनाच शिव्या घातल्या, म्हातारा कडमडायला रस्त्यावर आलाच कशाला म्हणून. दोन्ही बाजूंचे लोक सारखेच मोठ्यानं ओरडतात. त्यांतल्या एकालाही तुझ्याशी किंवा तात्यांशी काही देणंघेणं नाही.

खरं सांगू, शर्यतीच्या दिवशी सकाळपर्यंत गावाला तुझं काम काय असतं तेच कळत नव्हतं. तू पहिला येत नाहीस, कप्तानासाठी पाण्याच्या बाटल्या वाहतोस, वारा अंगावर घेतोस, हे मी पन्नास जणांना समजावून थकले. मग म्हणे पोरगा पाणक्याच झाला की. आणि त्याच दिवशी टीमनं तुला स्वतःसाठी जिंकायला मोकळं सोडलं. मोटारसायकलवरून कुणीतरी ओरडत आलं, पुढं तिघंच आहेत आणि त्यात बिरू आहे. येरमाळ्याच्या चढावर आम्ही उभे होतो तिथं एकच गलका झाला. शर्यत संपायची ते कळंब तिथून वीस-एकवीस किलोमीटर, उतार आणि सपाट रस्ता, तुझ्या पायाखालचा. मला तर त्या क्षणी रडूच आलं. पाच वर्षं दुसऱ्यासाठी झिजलेला माझा भाऊ आपल्याच मातीत पहिला येणार होता.

तात्यांकडं मी काल गेले होते. मनगटाचं प्लास्टर अजून तीन आठवडे राहील. एसटी चालवायचे तेव्हा तुझ्या सायकलमागं हळू गाडी हाकून तुला रस्ता द्यायचे, ते तात्या. त्यांना भेटायला मी एवढे दिवस लावले, यावरूनच तू काय ते ओळख. त्यांच्या मनात तुझ्याबद्दल काडीचा राग नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगतात की पोरानं मला ढकललं नाही, पण कुणी ऐकून घेत नाही. व्हिडिओ पाठीमागून काढलाय, तुझी पाठ दिसते, उचललेला हात दिसतो आणि तात्या पडताना दिसतात. लोकांना तेवढं पुरतं. मी उठायला लागले तर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, “वर्षा, त्याचे डोळे मिटलेले व्हते. हात असा आंधळ्यावानी फिरवला त्यानं. तू तर माझ्या शेजारीच व्हतीस. तुला न्हाय दिसलं?”

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणाले, गर्दीत काही कळलं नाही तात्या. त्यांनी मान हलवली आणि चहा घेऊन जा म्हणाले.

बिरू, आता तुला ठाऊक असलेली गोष्टच मी तुला लिहिते, कारण ती मी अजून तोंडानं कबूल केलेली नाही. त्या सकाळी मी नारंगी जाकीट घालून चढावर उभी होते. शाळेनं स्वयंसेवक म्हणून माझं नाव दिलं होतं. गळ्यात शिट्टी, हातात दोरी. नऊ वाजता माइकवरून सगळ्यांना बजावलं ते मीच, की फुलं, गुलाल, भंडारा, काही म्हणजे काही टाकायचं नाही. आणि जाकिटाच्या खिशात आईनं दिलेली बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी होती. पहिल्या शर्यतीपासून तू निघताना आई तुझ्या कपाळाला लावते तो भंडारा. या वेळी धाराशिवला टीमच्या बसजवळ तिला कुणी फिरकू दिलं नाही, म्हणून ती मला म्हणाली, जमलं तर लेकराच्या कपाळाला बोट लाव. सायकलवरून जाणाऱ्याच्या कपाळाला बोट कसं लागणार, हे तिला कळत नव्हतं. मला कळत होतं. तरी तू वळणावर दिसलास आणि माझं भान सुटलं. मी दोरी सोडली, मूठ भरली आणि बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणत तुझ्यावर उधळली. चढावर तू चष्मा काढून हेल्मेटला खोचतोस, हेही मला माहीत होतं. माझा आवाज ऐकून तू हसत तोंड वळवलंस. सगळा भंडारा डोळ्यांत गेला. तू तोल सावरायला हात फिरवलास आणि तो शेजारी टाळ्या वाजवणाऱ्या तात्यांना लागला. व्हिडिओ तिथून सुरू होतो.

मला वाटलं, तू हसत वळलास म्हणजे माझा आवाज ओळखलास. मग तू चौकशीत सांगितलंस, की डोळ्यांत काहीतरी गेलं, कुणी टाकलं ठाऊक नाही. मला बरं वाटलं, बिरू. लाज वाटायला हवी होती, पण आधी बरंच वाटलं.

शर्यतीनंतर दोन दिवसांनी शाळेत समितीचा एक छापील अर्ज आला. त्यात प्रश्न होता, प्रेक्षकांनी स्पर्धकावर काही फेकले का. मुख्याध्यापक गौरीशंकर सर समोर बसले होते. माझं नाव त्यांनीच सुचवलेलं, माइकवरच्या सूचनाही माझ्याच. तेव्हा तो व्हिडिओ फारसा कुणी बघितला नव्हता, आठवडाभरात लोक विसरतील असं वाटलं. मी ‘नाही’वर खूण केली आणि सही केली. त्या एका खुणेमुळं समितीनं तुला खोटं ठरवलं, आणि उद्धट म्हणणारे लोक तुला खोटारडाही म्हणायला लागले. काल रात्री महालिंगप्पानं फोनवर सांगितलं, की माझा अर्ज जोडलेल्या अहवालाची प्रत तुला गेल्या सोमवारीच मिळालीय. म्हणजे खालची माझी सही तू सोमवारी पाहिलीस. आणि सोमवारी संध्याकाळीच दुसऱ्याच्या फोनवरून तू मला फोन केलास आणि फक्त आईचा गुडघा कसा आहे ते विचारलंस.

आज सकाळी मी गौरीशंकर सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्याल तर नोटीस येईल, नोकरीवरही बेतेल. मी लेखी दिलं. मल्लेशला सांगितलं, तात्यांना सांगितलं. आईलाही सांगितलं. ती आतून तुझा जुना स्वेटर आणून पिशवीत भरायला लागली, पुण्यात थंडी असेल म्हणून. शुक्रवारच्या गाडीनं आम्ही दोघी निघतोय. शनिवारी तुझ्यापुढं कबुलीचा कागद ठेवतील, त्यावर सही करू नकोस. आणि भंडारा कुणी टाकला असं पुन्हा विचारतील, तेव्हा तू ठाऊक नाही म्हणू नकोस. गप्प राहा. मी दाराशीच असेन, उत्तर मी देणार आहे.

तुझीच,
वर्षाअक्का