ताटावरचं ताटावर

११ फेब्रुवारी

तोंड आवरलं नाही ना शेवटी! आणि तेही भर कोर्टात!

आज चिरंजीवांची उलटतपासणी होती. मी आणि सूनबाई मागच्या बाकावर. साहेब कठड्यात उभे, गणवेशाला कडक इस्त्री, छाती दोन बोटं पुढे. समोरच्या वकीलबाई दिसायला साध्या, आवाज चढवत नाहीत, पण चिमटा बरोबर बसतो. त्यांनी विचारलं, "चष्मेवाल्यांची पत्नी सकाळीच कागद घेऊन ठाण्यावर आली होती. आपल्याला हवा असलेला ठग तो नव्हेच, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"नाही," हा म्हणाला. "कागद हवालदाराकडे होते. मला कोर्टात पोचल्यावर कळलं."

एवढ्यावर थांबावं की नाही? पण लहानपणापासूनची खोड — नुसतं खोटं पुरत नाही, त्याला झालर लावायची! "दुपारी मी घरी जेवायला गेलो होतो. जेवताना मी घरी सगळं सांगतो. माहीत असतं तर बोललो नसतो का? विचारा माझ्या आईला! विचारा बायकोला!"

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "विचारू ना."

मी वळून पाहिलं. सूनबाई शेजारी ढिम्म बसलेली.

१२ फेब्रुवारी

कशातच लक्ष नाही. लिहून काढते, म्हणजे डोकं जरा रिकामं होईल.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. लोकांना गंडा घालून पळालेला एक माणूस पकडायचा होता. बाजारातल्या चष्मेवाल्याचं आणि त्याचं नाव नेमकं एकच. झालं! चिरंजीवांनी सकाळी दुकान उघडता उघडताच त्याला उचललं. वडिलांचं नाव वेगळं, वय वेगळं, तो बिचारा घसा कोरडा करून सांगतोय — कोण ऐकतो? "सगळे असंच म्हणतात." दुपारी हातात बेड्या घातल्या आणि गाडी दारात उभी असताना त्याला पायी कोर्टात नेलं. भर बाजारातून, त्याच्याच दुकानावरून! बातमीवाले पुढे पळत पळत फोटो काढत होते. कोर्टाने तो नव्हेच म्हणून संध्याकाळी सोडून दिलं. मग त्याने दावा लावला. मागणी काय, तर भरपाई सरकारने द्यायची नाही. या अधिकाऱ्याने द्यायची, स्वतःच्या खिशातून.

आमच्या वकिलांचे बूट फार चकचकीत, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात चकचकीत वकील म्हणते. ते म्हणतात, अधिकाऱ्याच्या हातून चांगल्या हेतूने चूक झाली तर कायदा सांभाळून घेतो. सगळं एका प्रश्नावर अडलंय. त्या माणसाला रस्त्यावर काढलं तेव्हा तो निर्दोष आहे हे याला ठाऊक होतं की नव्हतं? नसेल तर सुटला. असेल तर भरपाई याची, बढती गेली, आणि जन्माचा शिक्का बसला तो वेगळाच.

ठाऊक होतं. त्यानेच मला सांगितलं होतं.

१३ फेब्रुवारी

आमच्या घरात एक नियम आहे. माझाच.

हे गेले तेव्हा पोरगा शाळेत होता. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, पाळ्यांची नोकरी. घरात लक्ष ठेवायला कोणी नाही. पोरगं खोटं बोलायला शिकलं. शाळा बुडवून हुंदडायचं आणि वर "गेलो होतो की!" मारून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी हात टेकले आणि म्हटलं, हे बघ, ताटावर बसलास की खरं बोलायचं. काय वाटेल ते असो. त्यावर मी रागावणार नाही आणि ते घराबाहेर जाणार नाही. ताटावरचं ताटावर!

औषध लागू पडलं. कोणाची काच फोडली, कोणाच्या दप्तरातलं काय लांबवलं, सगळं घासाघासाला बाहेर. पुढे नोकरीतलंही तसंच. कोणाला मुस्कटात दिली, वरच्या साहेबाने काय दाबलं. मी ऐकायची. एक्स्चेंजमध्येही आम्हाला हेच शिकवलेलं — कानावर पडलं ते कानातच ठेवायचं. मी चारचौघींत मिरवायची, माझा मुलगा माझ्यापासून काही लपवत नाही म्हणून!

त्या दुपारी तो जेवता जेवता म्हणाला, "चुकीचा माणूस उचलला गं आई. बायको कागद घेऊन आली होती, मी पाहिले. पण बातमीवाल्यांना बोलावून बसलोय. आता सोडला तर माझंच हसं होईल. फिरवतो जरा, कोर्टात सुटेलच."

आणि मी काय म्हणाले? "भाजी घे आणखी थोडी."

लिहितानाही लाज वाटते. तिकडे एक निरपराध माणूस कोठडीत बसलाय, आणि मला काळजी कसली, तर याच्या भाजीची! "सोड त्याला" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. माझं ऐकतो तो. निदान ऐकलं असतं. पण नियम ना! ताटावर रागवायचं नाही. खोटं बोलू नये म्हणून नियम केला, आणि हा त्यातून शिकला काय, तर आईला सांगितलं की हात धुऊन मोकळं व्हायचं. हे मी शिकवलं. दुसऱ्या कोणी नाही.

१९ फेब्रुवारी

समन्स आलं. दोघींच्या नावे.

२० फेब्रुवारी

जेवताना एक शब्द बोलला नाही. मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसला होता. मीही काही विचारलं नाही. सूनबाई वाढत होती, तिचं तर नेहमीचंच — हूं नाही की चूं नाही. लग्न होऊन आली त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण ही बाई कोणत्या गोष्टीवर हसते आणि कशावर रडते, मला अजून पत्ता नाही. शाळेत मुलांना चित्रकला शिकवते. तिथे तरी बोलते की नाही, देव जाणे!

२४ फेब्रुवारी

चकचकीत वकील घरी येऊन गेले. आवाज असा गोड, जणू मी आजारी आहे.

"आजी, या वयात सगळं कुठे लक्षात राहतं, नाही का?"

"मला राहतं," मी म्हटलं.

"तरी पण, वर्षापूर्वीचं दुपारचं जेवण..."

मला राग आला. म्हटलं, "तुमच्या वडिलांचं ऑफिस कोर्टाच्या मागच्या गल्लीत होतं ना? त्यांचा नंबर सांगू?" आणि सांगितला! आमच्या बोर्डावर रोज तो जोडून द्यायची मी. वकील आ वासून बघत राहिले. मग म्हणाले, "आजी, हेच तर आपल्याला नकोय!"

चिरंजीव खिडकीशी उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आई, आठवत नाही म्हटलं की ते खोटं होत नाही. आठवत नाही म्हणजे आठवत नाही. संपलं."

"आणि वहिनी, तुम्ही तर तेव्हा आत स्वयंपाकघरात असाल," वकील सूनबाईला म्हणाले. ती म्हणाली, "चहा आणते," आणि उठून गेली. हिचं बरं आहे! न बोलणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. सगळं येऊन पडणार माझ्याच गळ्यात.

२७ फेब्रुवारी

नको ते केलं आज.

चष्म्याची दांडी सैल झाली होती. होती म्हणजे, मीच वाकवून ठेवली होती. त्याच्या दुकानात गेले. दुकान अगदी लहान, काचेच्या कपाटात चौकटी ओळीने मांडलेल्या, भिंतीवर लहान होत जाणारी अक्षरं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. पूर्वी इथे बाकावर जागा मिळत नसे, असं शेजारीण म्हणते.

"नंबरही बघून घेऊ या का, मावशी?" तो म्हणाला. मी हो म्हटलं. "हनुवटी इथे टेकवा. हलू नका." हनुवटी टेकवली. समोरून उजेड डोळ्यात, आणि त्या उजेडाच्या पलीकडून त्याचा आवाज — "तुम्ही त्यांच्या आई ना? कोर्टात पाहिलंय मी तुम्हाला."

तोंड त्या यंत्रात अडकलेलं! ना मान वळवता येते, ना नजर. मी म्हटलं, "मी त्यासाठी आले नाही हो."

"नसालच," तो म्हणाला. यंत्र बंद केलं, दांडी घेतली, स्क्रू पिळत बसला. मग आपणहून बोलला. "सरकारने पैसे दिले तर ते कोणाचेच नसतात, मावशी. साहेबांना काय कळणार? माझ्या धंद्यात लोक आपला चेहरा माझ्या हातात देतात. कानामागे, नाकावर हात लावू देतात. आता आत येतात, माझे हात बघतात, आणि नंतर येतो म्हणतात." चढा आवाज नाही, शिवी नाही. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

चष्मा त्याने स्वतः माझ्या कानांवर बसवला. मी अंग चोरलं का? चोरलं असेल. त्याला कळलं असेल. रस्त्यावर आल्यावर लाजेने कानशिलं तापली होती. गेले कशाला होते मी? माफी मागायला? मग मागितली का नाही?

१ मार्च

सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. न राहवून विचारलं, "तू काय सांगणार आहेस गं तिथे?"

"विचारतील ते," ती म्हणाली.

"बायकोला असं विचारता येतं का?"

"नवऱ्याने बायकोला खासगीत सांगितलेलं विचारता येत नाही म्हणे. हे ते मला नाही, तुम्हाला सांगत होते. मी वाढत होते."

म्हणजे माहिती काढून ठेवलीय तर बाईंनी! सुटायची वाट शोधत असेल, दुसरं काय. पुढे काही बोलली नाही. त्याचेच शर्ट होते, बाह्या नीट जुळवून ठेवत होती.

४ मार्च

आज खोलीत आला. दार लोटून घेतलं आणि माझ्या पायाशी खाली बसला. एवढा मोठा अधिकारी, गुडघे कडकड वाजले त्याचे!

"आई, तू शब्द दिला होतास."

मी चष्मा पुसायला घेतला.

"घराबाहेर जाणार नाही म्हणाली होतीस. त्या शब्दावर मी तुला सगळं सांगत आलो. जगाशी खोटं बोललो असेन, तुझ्याशी कधी नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी नीट केली."

मी म्हटलं, "आणि त्या माणसाचं काय रे? मी त्याच्या दुकानात गेले होते."

तो एकदम पांढराफटक पडला. "त्याला काही बोललीस?"

बघा! तो माणूस कसा आहे, विचारलं नाही. मी त्याला काय बोलले, हे विचारलं. मी नाही म्हटलं. मग डोकं माझ्या मांडीवर टेकून रडला. मी केसांतून हात फिरवला. टाळूवर विरळ झालेत. रागही येत होता, माया तर काय आटत नाही मेली. माझी मलाच चीड आली.

७ मार्च

सांगायला हवं. शब्द दिला तो शाळा बुडवणाऱ्या पोराला दिला होता. बेड्या घालणाऱ्या माणसाला नाही.

९ मार्च

उद्या साक्ष. ठरलं! सांगणार. त्याचे शब्द जसेच्या तसे, आणि मी त्यावर काय म्हणाले तेही. त्याने मग माझं तोंड नाही बघितलं तरी चालेल. काळजी वाटते ती सूनबाईची. माझ्यानंतर तिला बोलावणार, नवऱ्यासमोर उभी राहून तिचं तोंड उघडणार आहे का? म्हणून मीच सगळं सांगून टाकते, म्हणजे तिच्यावर काही येणार नाही. संध्याकाळी तिला म्हटलंसुद्धा, "तू घाबरू नकोस. मी आहे." तिने माझ्याकडे पाहिलं आणि "बरं आई" म्हणाली.

१० मार्च

वकीलबाईंनी सरळ विचारलं. चिरंजीव समोरच बसले होते, लहानपणी निकालाच्या दिवशी बसायचे तसे. मी म्हणाले, आठवत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले. चष्मेवाला खाली बघत होता.

मग सूनबाईला बोलावलं. तिला सगळं आठवत होतं.