हॅस्केटचे तीन फटके

मंगळवार, २४ ऑक्टोबर १८७१

फटकेबाजांत मी पहिला. हार्टफील्डचा हॅस्केट केसभर मागे. शनिवारी बेसबॉलच्या मोसमातली शेवटची मॅच, आणि ती हार्टफील्डशीच. बॉस्टनच्या संघाचा कोणी माणूस बघायला येणार म्हणे. मला न्यायलाच येत असणार. बायकोला, किझायाला सांगितलं, सामान बांधायला हरकत नाही. ती म्हणाली, आधी मॅच होऊ द्या.

बुधवार

प्रॅक्टिसमध्ये चेंडू उजव्या हाताच्या बोटावर बसला. किरकोळ. मुरगळलंय.

गुरुवार, सकाळी

बोट वांग्यासारखं झालंय. किझाया म्हणते, मोडलंय. तिला काय कळतं? डॉक्टरकडे सोमवारी जाईन. आत्ता गेलो तर तो कॅप्टन डनलेव्हीला सांगणार आणि माझ्या जागी कोणीतरी उभं राहणार.

दुपारी

डनलेव्हीने विचारलं, हात खिशात का? थंडी आहे म्हणालो. तो स्वतः बाह्या वर करून उभा होता.

शुक्रवार

बॅट तीन बोटांनी धरून पाहिली. उलट पकड मोकळी होते. हे आधीच कसं सुचलं नाही!

रात्री किझाया बोटाला फडकं गुंडाळताना म्हणाली, "अहो, खरं सांगून टाका ना. एक मॅच नाही खेळलात तरी पहिलेच राहाल."

राहीनही. पण हॅस्केटला घाबरून बसलो असं लोक म्हणतील. रागावून झोपलो. झोप आली नाही.

शनिवार, २८ ऑक्टोबर, संध्याकाळी

हरलो. वारा फार होता.

माझा एकच फटका लागला, पण सुरेख. बाकीच्या वेळी चेंडू नीट येत नव्हते.

हॅस्केटने तीनदा चेंडू तिसऱ्या बेसकडे मारला, म्हणजे माझ्याकडे. पहिला पंजातून सुटला. दुसरा अंगावर आदळून खाली पडला. तिसऱ्याला मी हात लावला नाही. लावावासा वाटला नाही. प्रेक्षकांत कोणीतरी माझं नाव घेऊन हसलं. 

मॅच संपल्यावर स्कोअरर प्रुएट वही घेऊन आला. सज्जन माणूस, पण किचकट. फील्डरची चूक असली की तो फटका बॅट्समनच्या नावावर धरत नाही. म्हणाला, "ते तीन चेंडू. मला खात्री वाटत नाही. तुमची चूक मांडू की त्याचे फटके?"

डनलेव्ही शेजारीच उभा. बॉस्टनचा माणूसही ऐकत होता. हात पाठीमागे धरून मी म्हणालो, "माझी चूक? ते चेंडू जगात कोणी अडवले नसते."

प्रुएटने पुन्हा विचारलं. मीही पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. त्याने लिहून घेतलं.

रविवार

चर्चमधून येताना प्रुएट भेटला. आकडेमोड झाली. हॅस्केट पहिला, मी दुसरा. तिन्हींतला एक जरी तुम्ही चूक म्हणाला असतात, तो म्हणाला, तरी तुम्हीच पहिले होतात. मी म्हणालो, तपासून बघा. त्याने दोनदा तपासलं होतं.

बॉस्टनचा माणूस कालच संध्याकाळच्या गाडीने गेला. हॅस्केटशी बोलून.

किझायाला सांगितलं. तिने फडकं बदललं.

सोमवार, ३० ऑक्टोबर

बोट मोडलंच आहे. डॉक्टर म्हणतो, वाकडंच राहील.

दवाखान्यातून घरी येतो तर दारात हॅस्केट. गावाला जाण्याआधी हस्तांदोलन करायला आला होता. पोरगा दिसायला साधा आहे. उजवा हात पुढे केला. मी डावा दिला. त्याने पट्टी पाहिली.

"हात असा असताना खेळलात तुम्ही?" त्याने विचारलं. चेहरा पार उतरला होता त्याचा.

किझाया दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"छे," मी म्हणालो, "काल जिन्यावरून पडलो."

"मग ते फटके खरंच चांगले होते?"

"भारी होते," म्हणालो.

केवढा खूश झाला. किझायाने त्याला कॉफी दिली. मला द्यायची विसरली.