अस्वलाच्या फोटोखालचं नाव

४ जानेवारी, दारव्हा

दाढ ठणकतेच आहे. डॉक्टर उद्यावर ढकलला. दुपारी अनोळखी नंबरवरून मेसेज. वाटलं, परत ते सोलरवाले.

'नमस्कार साहेब. मी ज्योती, बाबूसिंग राठोडची मुलगी. फुलसावंगीजवळचा तांडा. तुम्ही इकडे नोकरीला होते तेव्हा बा तुमच्यासोबत डोंगरावर यायचे. मी फाट्यावर चहा-नाश्त्याचं हॉटेल टाकत आहे. १५ फेब्रुवारीला, आमच्या महाराजांच्या जयंतीच्या मुहूर्तावर उद्घाटन. बोर्डावर तुमचा अस्वलाचा फोटो लावू का? बा म्हणतात, साहेबांचा फोटो हाय, इचारल्याबिगर लावू नको.'

दोनदा वाचला. वाचल्याच्या निळ्या खुणा तिला दिसल्या असतील. फोन उपडा ठेवून दिला.

फोटो समोरच भिंतीवर. मोहाखाली अस्वलीण, पाठीवर दोन पिल्लं, तिघांचीही तोंडं आपल्याकडे. खाली सोनेरी अक्षरांत माझं नाव.

५ जाने.

दाढ काढली. अर्धं तोंड बधिर, म्हणून बोलायचं काम नव्हतं. बरं वाटलं.

लिहूनच टाकतो, ही वही कोण वाचतं. तो फोटो मी काढलेला नाही.

एप्रिल महिना, पहाट सरून उजाडलेलं. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीतून घेतलेला नवा कॅमेरा. तो नेहमीसारखा बाबूसिंगच्या गळ्यात, कारण चढावर मला धाप लागायची. बटण अर्धं दाबायचं मग पूर्ण दाबायचं, हे त्याला मीच शिकवलेलं. मोहफुलं वेचायला अस्वलीण आली. तीस-चाळीस पावलांवर. मी मोहाच्या बुंध्याला तोंड लावून उकिडवा बसलो, डोळे गच्च मिटून, रामरक्षा म्हणत. तीही मधेच विसरलो. कॅमेऱ्याचा आवाज दोनदा ऐकला. बाबूसिंग म्हणाला, 'गेली साहेब, उठा.'

एवढंच. पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला नंबर, पेपरच्या पुरवणीत फोटो, सत्कार. बाबूसिंग काही बोलला नाही. मीही नाही. कॅमेरा माझा, म्हणजे फोटो माझा, असा हिशेब मनाशी धरला. सोळा वर्षं तोच धरून बसलो आहे.

७ जाने.

एकतीस वर्षं कचेरीत मसुदे लिहिले. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. कलेक्टरचं उत्तरही माझ्या हातचं जायचं, खाली फक्त त्याची सही. आणि एका पोरीला चार ओळी सुचेनात.

मसुदा १: 'आनंदाने परवानगी देत आहे.' कोण देतोय?
मसुदा २: 'हा फोटो वस्तुतः...' वस्तुतः शब्दाशीच अडलो.
मसुदा ३ पाठवला: 'जरूर लाव बेटा. माझं नाव टाकायची गरज नाही.'

पाठवल्यावर जरा हलकं वाटलं. नाव नको म्हटलं, म्हणजे खोटं तरी बोललो नाही. असल्या पळवाटा काढण्यात हयात गेली आपली.

८ जाने.

ज्योतीचं उत्तर: 'किती मोठं मन साहेब तुमचं. नाव तर टाकणारच, तेही मोठ्या अक्षरात. उद्घाटनाची फीतही तुमच्याच हातानं.' खाली हात जोडल्याच्या चार खुणा.

सौ.ने फोन हिसकून मोठ्यानं वाचलं. शेजारच्या कुळकर्णीबाईंना बोलावून परत वाचलं. मी भाजी आणायच्या मिषानं बाहेर पडलो. भाजी न आणताच आलो.

११ जाने.

ज्योतीचा फोन. मागून भांड्यांचा आवाज, मिस्त्रीशी ओरडाआरडा. गडबडीची पोरगी, पण गोड. फोटो मोठा करायला मूळ फाइल हवी म्हणाली. मी 'शोधतो' म्हटलं.

मग आवाज बारीक करून म्हणाली, 'साहेब, एक माफी मागायची होती. लहानपणी मी तुमच्याबद्दल लई खोटं बोलली. वर्गात सांगतलं का हा फोटो माह्या बानं काढला. मास्तरनं पेपर आणून दाखवला, खाली तुमचं नाव. खोटारडी म्हणून दिवसभर उभी केली मले.'

मी 'असू दे' म्हटलं. दुसरं काय म्हणू शकत होतो, ते मला माहीत आहे.

'मंग संमेलनाच्या रात्री घरी येऊन लई रडली त बा म्हणाले, म्या मजाक केलती बेटा, साहेबांनीच काढला. तवापासून आमच्या घरात बा काही मोठं सांगाले लागले का सगळे म्हणतात, झालं, निघालं अस्वल! याडी, माय माही, म्हणते, भाऊ म्हणते, आता माही पोरगीही म्हणते.' हसली. मलाही हसावं लागलं.

म्हणजे माझ्यापायी सोळा वर्षं तो आपल्या घरात थापाड्या. आणि मुलीच्या मनात अजून सल, की आपण बापाचं खोटं खरं मानलं आणि एका भल्या माणसावर आळ घेतला. म्हणून हा फोटो, म्हणून माझं नाव मोठ्या अक्षरात. भरपाई करते आहे बिचारी, तीही माझी.

जेवलो नाही. सौ.ला दाढेचं सांगितलं.

१२ जाने.

काल एक गोष्ट लिहायची टाळली. ती पोरगी मी पाहिली आहे.

त्याच वर्षी त्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी पाहुणा, शाल, नारळ. मास्तरांनी एका पोरीला दंडाला धरून पुढे आणलं. दोन वेण्या, लाल रिबिनी. 'साहेब, ही म्हणते तुमचा फोटो हिच्या बापानं काढला!' सगळे माझ्याकडे बघत होते. पोरगीही. ती मी काय म्हणतो त्याची वाट बघत होती. मी म्हणालो, 'लेकरांना आपला बाप मोठाच वाटतो.' आणि हसलो. मग सगळेच हसले.

ती हसली नाही. बाबूसिंग मागे दाराशी उभा होता. त्यानं मान

पुढे लिहवत नाही.

१४ जाने., संक्रांत

वाणाला बायका यायच्या होत्या. त्याआधी भिंतीवरचा फोटो उतरवला. सौ.: 'तो काहून काढला?' मी: 'धूळ.' 'धूळ बसायले मी मेली का?'

बायका गेल्यावर तिला सगळं सांगितलं. ती तिळाचा डबा मांडीवर घेऊन ऐकत राहिली. मला वाटलं रडेल, चिडेल. म्हणाली, 'मले तवाच शंका आलती. गल्लीतलं कुत्रं भुंकलं तरी तुम्ही माह्या मागं लपता. अस्वलाचा फोटो काढसान तुम्ही?'

'मग बोलली का नाहीस?'

'सत्काराची साडी मीही मिरवली न,' म्हणाली. मग डबा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिलाही लाज वाटली असणार. तीही माझ्यामुळेच.

२० जाने.

फुलसावंगी. पुसदला गाडी बदलली. पुढे काळीपिवळी जीपमध्ये कोंबून. सकाळी निघालेला बाराला पोहोचलो. फाट्यावर टिनाचं शेड, कोरी भट्टी, बोर्डाची लोखंडी चौकट रिकामी. ज्योती सामानाला महागावला गेलेली. ती नाही हे पाहून जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला याचीही लाज वाटली.

बाबूसिंग बाजेवर. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. आवाजावरून ओळखलं. 'या साहेब! वजन वाढलं वाटते.' चहा स्वतः केला, चाचपत. मी 'राहू दे' म्हणत बसूनच राहिलो.

म्हटलं, 'बाबूसिंग, मी उद्घाटनाला सगळ्यांसमोर खरं सांगतो.'

तो चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, 'कायचं खरं?'

'फोटो तू काढला.'

'थे त मले मालूम हाय. तुमाले मालूम हाय.' कप खाली ठेवून, 'पोरीले मात्र म्याच सांगतलं न, का मजाक केलती. आता कोन्या तोंडानं फिरवू?'

'तेव्हा का सांगितलंस तसं?'

'मंग काय करू साहेब? मास्तरनं मारलं असतं तिले. तुमी तिथं बसून हसून राह्यलते. मी कोनाले इचारू?'

रागानं नाही म्हणाला. 'साखर कमी हाय का?' हेही त्यानं त्याच आवाजात विचारलं असतं. मी खाली मान घालून बसलो. माफ कर म्हणालो. त्यानं बशी पुढे सरकवली. माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही. मी विचारलंही नाही.

निघताना काळीपिवळीपर्यंत आला. 'एक सांगा साहेब. तिसरं पिल्लू होतं न? मागून लंगडत येऊन राह्यलतं. घरात कोनी मानत नाही मले. निघालं अस्वल म्हनतात. तुमी पाह्यलं असन न?'

मी डोळे मिटून बसलो होतो, हे त्याच्या लक्षात नव्हतं, का मुद्दाम विचारलं? मी म्हटलं, 'आठवत नाही रे.' त्याच्या कामाचा एकमेव साक्षीदार मी होतो, आणि तोही आंधळा.

२३ जाने.

माळ्यावरून जुन्या सीड्या काढल्या. आवाज दोनदा आला होता. म्हणजे फोटो दोन. एक भिंतीवरचा. दुसरा मी तेव्हा एकदाच पाहिला होता आणि परत कधी उघडला नाही. पुसूनही टाकला नाही. का, सांगता येणार नाही.

घरच्या कॉम्प्युटरला सीडी चालत नाही. स्टुडिओवाल्या पंकजकडे जुना डबा आहे. खरखर करत उघडला.

आहे. लांबून घेतलेला, सगळं मावलेलं. उजवीकडे अस्वलीण, अंगठ्याएवढी, पाठीवर दोघं. मागे दहा हातांवर तिसरं पिल्लू, पुढचा पाय उचललेला. आणि डावीकडे मोहाच्या बुंध्याला तोंड लावून बसलेला एक माणूस. पांढरा शर्ट, डोक्यावर हात, पाठीवर घामाचा डाग.

पंकज हसायला लागला. 'काका, हा कोन नमुना हाय?'

'होता कोणीतरी गावातला,' म्हणालो.

सोळा वर्षांपूर्वी नाही, आज म्हणालो. कोणी दंडाला धरलं नव्हतं. पंकजला काय फरक पडणार होता? तरी निघालंच तोंडातून.

दोन्ही फाइली फोनमध्ये घेतल्या. मोठी करायची होती ती ज्योतीला लगेच पाठवली. दुसरी नाही.

२ फेब्रु.

ज्योती: 'बोर्ड तयार साहेब! उद्घाटनापर्यंत कापड टाकून झाकून ठेवते.' सोबत फोटो. अस्वलीण दारापेक्षा मोठी. खाली पेंटरनं रंगवलेलं 'छायाचित्र' आणि माझं पूर्ण नाव, 'साहेब' जोडून. कोपऱ्यात बाबूसिंग उभा, बोर्डाकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघत. नव्या धोतरात. बोर्डाचं कौतुक कर म्हणून उभं केलं असणार.

'छान' लिहिलं. छान!

९ फेब्रु.

सौ. रोज एकदा विचारते, 'पाठवला का?' आता विचारतही नाही. ताट वाढते आणि बघते.

सबबी तयार आहेत, कचेरीतल्यासारख्या क्रमवार. बोर्डाचं काम झालं. बाबूसिंगचीच इच्छा नाही. ऐन मुहूर्तावर पोरीचा विरस नको. तिन्ही खऱ्या आहेत, म्हणूनच बरोबर काम करून राह्यल्या. (सौ.सारखं लिहायला लागलो.)

बाबूसिंग 'सांगू नका' असं म्हणाला नव्हता. 'कोन्या तोंडानं फिरवू' म्हणाला होता. तो त्याच्या तोंडाबद्दल बोलत होता. माझ्या तोंडाबद्दल त्यानं काही सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या सोयीनं जोडलं. हे कळायला वीस दिवस लागले.

१४ फेब्रु.

उद्या उद्घाटन. सौ.ने बॅग भरली, ज्योतीसाठी खण-नारळ ठेवला. शाल माझी तीच, सत्काराची. ती काढून ठेवायला सांगितली.

चार वाजता दुसरा फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं: 'त्याच सकाळचा. तिसरं पिल्लू बघ.' जे लिहायचं होतं ते लिहिलंच नाही. वाटलं, तिचं ती समजेल. पोरगी हुशार आहे. म्हणजे इथेही काम तिनंच करायचं, मी नुसता बुंध्याला.

पाचला तिचा फोन. आवाज नाचत होता. 'साहेब, तिसरं पिल्लू! लंगडंच हाय! बा खरं सांगत होते! याडीले दाखवलं, भावाले दाखवलं. बा नुसते बसले हायत भावाचा फोन डोळ्याले लावून.' मागून कोणीतरी 'निघालं अस्वल!' असं ओरडलं आणि सगळे हसले. आजचं हसणं वेगळं होतं.

मी फोन धरून होतो. सांगणारच होतो. तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात ती म्हणाली, 'पन साहेब, बा त या फोटोत नाहीत. थे झाडाले तोंड लावून बसलं कोन हाय? पांढऱ्या शर्टात?'

मग ती फोन घेऊन बाहेर आली असावी. मागचं हसू लांब गेलं.

'साहेब?' म्हणाली. 'हालो? हा फोटो कोनं काढला?'

मी म्हणालो, 'उद्या येतो बेटा. बोर्डावरचं कापड मी येईपर्यंत काढू नको. आणि पेंटरला थांबवून ठेव.' फोन तिनं ठेवला की कट झाला, कळलं नाही. परत आला नाही. मीही केला नाही.

पहिली पुसद गाडी सहाची. सौ. पण येते म्हणते. 'मागं लपायले कोनी पाहिजे न,' म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून, 'या वेळी नाही लपू देणार.'